जुन्या भिंतींवर नवें कार्यालय

जीर्णोद्धार हा शब्द आपणांस देवालयांच्या संबंधानें परिचित आहे. उद्धार म्हणजे वर काढणें. जीर्ण झालें म्हणून टाकून देणें हा उद्धार नव्हे, आणि दुरून नमस्कार करून तसेंच पडूं देणें हाहि नव्हे. पाश्चात्य नगरांत हाच विचार अलीकडे कचेऱ्यांच्या बांधकामांत शिरला आहे. त्याचीं दोन उदाहरणें वाचकांपुढें ठेवतों. मात्र वाहवा करण्यापूर्वीं काय राखलें आणि काय गेलें, हें पाहणें अवश्य आहे.

पहिलें उदाहरण न्यूयॉर्कचें. वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनीं १९२८ सालीं आपल्या मासिकांच्या कचेरीसाठीं जोसेफ अर्बन या स्थापत्यकाराकडून सहा मजल्यांची शोभिवंत इमारत बांधविली. तिच्यावर पुढें उंच मनोरा चढवावा, असा मूळचाच संकल्प होता. परंतु लवकरच आर्थिक मंदी आली आणि तो अपुरा राहिला. १९८८ सालीं नगराधिकाऱ्यांनीं ती वास्तु संरक्षित ठरविली. अखेर नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्याप्रमाणें २००६ सालीं मनोरा पूर्ण झाला. एकंदर मजले ४६. त्याचा पोलादी सांगाडा त्रिकोणांचा आहे. चौकोनी चौकट दाबाखालीं तिरकी होते, त्रिकोणाची होत नाहीं, हें भूमितीचें साधें तत्त्व. त्यामुळें नेहमींच्या सांगाड्यापेक्षां सुमारें शेंकडा २० पोलाद कमी लागलें. मात्र जुन्या वास्तूच्या बाहेरच्या भिंतीच काय त्या राहिल्या; आंतले मजले काढून तेथें विशाल दालन केलें. मुखवटा तोच, देह निराळा, हा आक्षेप पोकळ नाहीं. मनोऱ्याचा संकल्प मूळ धन्याचाच होता, एवढेंच त्यांत समाधान.

दुसरें उदाहरण बेल्जममधील अँटवर्प बंदराचें. तेथें गोदीच्या कांठीं अग्निशामक दलाचें एक जुनें ठाणें रिकामें पडलें होतें. १८९३ च्या आगींत नष्ट झालेल्या, हान्सा व्यापारीसंघाच्या घराची ती प्रतिकृति. बंदराच्या नव्या कचेरीसाठीं आराखडे मागवितांना जुनी इमारत राखलीच पाहिजे, अशी अट होती. बगदादमध्यें जन्मलेल्या झाहा हदीद यांच्या मंडळीनें विचार केला कीं, हिच्या चारहि बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. शेजारीं कांहीं बांधलें तर एक तरी झांकेल. म्हणून जहाजाच्या नाळेसारखी, शंभर मीटरांहून लांब अशी काचेची इमारत त्यांनीं खांबांवर तोलून वर ठेवली. जुन्या चौकावर काचेचें छप्पर घातलें, आणि आगीचे बंब ठेवण्याच्या दालनांत वाचनालय झालें. २०१६ सालीं सुमारें ५०० कर्मचारी तेथें आले. हदीद मात्र त्याच वर्षीं मार्चमध्यें निवर्तल्या होत्या. वरचें तें काचेचें धूड खालच्या घरावर दडपण आणतें, असें कोणास वाटेल, आणि तें अगदींच खोटें नाहीं. तरी मी कौल अँटवर्पलाच देईन. कारण तेथें जुन्या दालनांना काम मिळालें.

ज्या कुटुंबांपुढें जुना वाडा पाडावा कीं राखावा हा प्रश्न आज उभा आहे, त्यांनीं दर्शनी भिंत राखण्याच्या आश्वासनावर लगेच संतुष्ट होऊं नये. आंतल्या चौकाचें, सोप्याचें, माजघराचें काय होणार, हें आधीं विचारावें. घरांतील वृद्धाची तसबीर भिंतीवर लावणें निराळें, आणि त्याचा सल्ला घेणें निराळें.