कार्बन फायबरचं रॅपिंग: काय खरं, काय खोटं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कार्बन फायबर रॅपिंगचं कोटेशन निघालं की एक शंका हमखास येते: ‘कापड गुंडाळून पिलर कसा तगणार?’ तगतो. सळईचं नेहमीचं पोलाद चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनच्या आसपास कायमचं ताणलं जातं. कार्बनचा धागा ३५०० न्यूटनलाही तुटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळच्या इबाख पुलाला सिग्नल बसवण्यासाठी भोक पाडताना आतली पोलादी केबल कापली गेली होती. १९९१ मध्ये तो पूल कार्बनच्या पट्ट्या चिकटवून सावरला. पोलादी पट्ट्या १७५ किलो लागल्या असत्या. कार्बनच्या भरल्या ६.२ किलो.

महागात पडतो तो दुसरा समज: एकदा गुंडाळलं की गंज थांबला. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत क्षार काँक्रीटमध्ये मुरून सळईपर्यंत पोचलेले असतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तर काँक्रीट फुटून पडतं. तसंच वर कापड चढवलं तर आतला गंज चालूच राहतो, फक्त दिसेनासा होतो. आधी पोकळ काँक्रीट तोडायचं, सळ्या घासून साफ करायच्या, खूपच झिजल्या असतील तर जोडीला नव्या टाकायच्या, पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायचं, मग कापड. खर्च वाचवायला नेमकं हेच गाळलं जातं.

पिलरचा आकारही बघावा लागतो. भाराखाली काँक्रीट बाजूंना फुगू पाहतं आणि पिंपाच्या कड्यांप्रमाणे कापड त्याला आवळून धरतं. गोल पिलरला हे छान जमतं. चौकोनी पिलरच्या सपाट बाजूंवर पकड ढिली पडते आणि धारदार कोपऱ्यावर धागे तुटतात, म्हणून कोपरे ग्राइंडरने गोल करून घेतात.

आगीबद्दल मात्र कंत्राटदार सहसा बोलत नाहीत. कापड धरून ठेवणारं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडतं. त्यामुळे कापड गेलं तरी रोजचा भार मूळ पिलर-बीमने पेलायला हवा. तेवढाही जीव नसलेल्या इमारतीला हा उपाय नव्हे.

काम नीट झालं का हे बघायला एक साधी चाचणी असते: कापडावर धातूची चकती चिकटवून ती ओढून काढायची. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार चौरस मिलिमीटरला किमान १.४ न्यूटन ताण सोसला पाहिजे, आणि सुटताना काँक्रीटचा थर उखडून यायला हवा. चकती कापडासकट स्वच्छ निघाली, तर बिल थांबवा.