खारेपाटाचा दरवाजा

पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता येते: अमुक दिवशी साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा, किनाऱ्यावर जाऊ नका. लाटा कसल्या, ती भरतीची उंची असते. पण मुंबईकर बातमी वाचतो आणि मरीन ड्राइव्हवर फोटो काढायला निघतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीतला, शेतकरी तीच बातमी वाचून बांधावर जातो. ‘उधाणावर काहीतरी लिहा’ असं संपादक म्हणाले, तेव्हा समुद्र सोडून मी धरमतरच्या खाडीकडे वळलो ते त्यामुळेच.

अंबा नदी या खाडीतून समुद्राला मिळते. शहापूर, धेरंड, माणकुळे या भागातली भातशेतं इतकी सखल आहेत की उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी त्यांच्या वर असतं. पाणी आणि पीक यांच्यात उभा असतो तो चिखलमातीचा बांध. त्याला इथे बाहेरकाठा म्हणतात. बांधावरून चालताना एका हाताला कांदळवन आणि फुगलेली खाडी, दुसऱ्या हाताला खाली भाताची खाचरं. दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं की इथल्या माणसांच्या धाडसाची कल्पना येते.

मला खिळवून ठेवलं ते मात्र उघाडीनं. नुसता बांध घातला तर समुद्र बाहेर राहील, पण पावसाचं पाणी आतच कोंडेल. म्हणून बांधाच्या पोटातून एक दगडी किंवा काँक्रीटची मोरी काढतात आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीवर टांगलेली झडप बसवतात; हीच उघाडी. भरती चढू लागली की बाहेरचं पाणीच झडप चौकटीवर दाबून धरतं. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पाणी झडप ढकलून वाट काढतं. मोटर नाही, वीज नाही, चावी फिरवायला माणूस नाही. समुद्राचाच जोर वापरून समुद्राला दाराबाहेर ठेवायचं.

ओहोटी सुरू असताना उघाडीपाशी थांबलं तर आधी काहीच घडत नाही. मग झडपेच्या खालच्या कडेशी गढूळ पाण्याची रेघ दिसते, रेघेची धार होते आणि झडप बोटभर, वीतभर उचलली जाते. पाण्याबरोबर पेंढा येतो, प्लॅस्टिकची बाटली येते. सगळं दुखणं इथेच. एखादं ओंडक्याचं टोक चौकटीत अडकलं, उंबऱ्यावर गाळ साचला किंवा खाऱ्या हवेनं बिजागरी गंजली, तर पुढच्या भरतीला झडप पुरती बसत नाही. हाताएवढी फट राहिली तरी एका भरतीत खाचरभर खारं पाणी शिरतं.

भरतीची वेळ काढायला इथल्या जुन्या माणसांना ॲप लागत नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं आणि बाराच्या पुढे तेवढे तास मोजायचे. अष्टमीला सहा वाजता भरती, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हाच हिशेब एका वादळाला लावून पाहू: ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला आदळलं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे तिथी त्रयोदशीच्या आसपासची. तेराचे पाऊण पावणेदहा. सकाळची भरती उलटून ओहोटी लागली होती. वाऱ्यानं घरं, सुपारी आणि आंबा झोपवला. तेच वादळ भर उधाणाच्या माथ्यावर आलं असतं, तर बाहेरकाठ्यांची गत काय झाली असती याचा विचारही नकोसा वाटतो.

या जमिनी समुद्राकडून मिळवण्याचा इतिहास जुना आहे. शिलोत्री पद्धतीत ज्यानं खार बांधून काढला त्याच्याकडे बाहेरकाठ्याची जबाबदारी असे आणि त्याबदल्यात तो कसणाऱ्यांकडून भात घेई. पुढे खोतीचा जाच वाढला. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला चरीचा शेतकरी संप याच मातीतला, नारायण नागू पाटलांनी उभा केलेला. कूळकायद्यानं जमीन कसणाऱ्याची झाली. १९४८च्या आणि नंतर १९७९च्या खारभूमी कायद्यानं बांधांचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला.

त्याआधी गावाची ‘जोळ’ होती. शेतकरी एकत्र येऊन आपल्या बांधाची राखण आणि डागडुजी करत. राखण म्हणजे मुख्यतः खेकड्यांची बिळं शोधणं. बीळ बांधाच्या आरपार गेलं की पाणी झिरपतं, झिरपा वाढला की माती सुटते आणि एका उधाणात खांड पडते. बीळ पहिल्या दिवशी दिसलं तर दोन घमेली चिखल पुरतो. खांड पडली की काम भांगाच्या दिवसांतच करावं लागतं. अष्टमीच्या आगेमागे भरतीचा जोर कमी असतो, तेवढ्यात माती टाकून तोंड बंद करायचं. पुढच्या उधाणापर्यंत ते टिकलं नाही, तर टाकलेली माती खाडीत जाते आणि खांड आणखी रुंदावते.

आता हे काम निविदेवर चालतं. पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, ठेकेदार या क्रमात पंधरवडे सरतात. भरती मात्र दिवसातून दोनदा येतेच. खांड उघडी राहिली की शेत नापीक होतं. काळा रता, भुरा रता अशा जुन्या जाती किंवा पनवेलच्या केंद्रानं काढलेली खारसहिष्णू वाणं थोडा खार सोसतात, पण रोज भरती येणाऱ्या रानात तीही तग धरत नाहीत.

शिवाय भरतीबरोबर तिवराचं बी येतं. काही वर्षांत भाताच्या जागी कांदळवन उभं राहतं. कांदळवन किनाऱ्याचं रक्षण करतं आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली त्याच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली, हे योग्यच झालं. पण ज्याच्या सातबाऱ्यावर शेत आहे आणि शेतात तिवरं आहेत, त्यानं काय करायचं? बांध फुटला तो त्याच्या चुकीनं नव्हे, आणि आता स्वतःच्याच जमिनीत त्याला हात लावता येत नाही. कुणी अशा पाण्यात मासळी पिकवू पाहतं, मग शेजारच्या भातवाल्याशी तंटा ठरलेला. खाडीतून मालाच्या बार्ज जातात, त्यांच्या लाटांनी काठ कापला जातो अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. गेल्या शतकभरात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरनं वाढली आहे. उघाडीच्या दृष्टीनं याचा अर्थ साधा आहे: झडप बंद राहण्याचा वेळ वाढणार आणि आतलं पाणी निघायला मिळणारा वेळ घटणार.

उंच, पक्के बांध हवेतच, पण खेकडा काँक्रीटच्या जोडातही माती शोधतो. म्हणून बांधावर रोज चालणारा माणूस लागेल आणि त्याला पगार द्यावा लागेल. प्रत्येक खारबांधासाठी लाभधारक शेतकऱ्यांचा गट नेमावा, किरकोळ डागडुजीचा निधी दरवर्षी मार्चअखेरीपूर्वी त्याच्या हाती द्यावा आणि लहान खांड त्याच भांगात बुजवण्याचा अधिकार त्याला असावा. एवढं झालं नाही तर पुढच्या पिढीला खारेपाट फक्त सातबाऱ्यावर सापडेल.