थीम हॉस्पिटलचे मामा

सकाळी ९.००
रविवार. 'थीम हॉस्पिटल' लावलाय. १९९७चा गेम, इंग्लंडातल्या बुलफ्रॉग कंपनीचा. सुरुवातीला एक रिकामी इमारत मिळते आणि थोडं भांडवल. रिसेप्शन मांडलं, डॉक्टरची खोली, औषधांची खोली. बाकडं चाळीसाला, कुंडी पाचाला. मग भरती. प्रत्येक उमेदवाराचा महिन्याचा पगार दिसतो आणि त्याच्याविषयी एक खवचट ओळ. डॉक्टर महाग, तरी एक घेतला. शेवटी घेतला सफाईवाला. आपल्याकडे दवाखान्यात अशांना मामा म्हणतात, तेच बरं वाटतं.

९.१५
पहिला पेशंट. डोकं भोपळ्याएवढं फुगलेलं. कारण म्हणे चीज हुंगलं आणि पावसाचं अशुद्ध पाणी प्यायला. डॉक्टर त्याला यंत्रापाशी नेतो, डोकं फट्‌दिशी फोडतो आणि बेताची हवा भरून परत गोल करतो. मी हसतो. मामांची पाठ इकडे. ते बाकड्याखालचा शीतपेयाचा डबा उचलतायत. पेयांचं मशीन मीच लावलंय. विक्रीचे चार पैसे सुटतात. पिणारे डबा तिथेच टाकतात.

९.४०
रांग वाढली. एकजण ओकला. ते बघून शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. मामा मॉप घेऊन एकेका डागापाशी थांबतात. पुसून होईपर्यंत मागे दुसरा तयार. उंदीर निघाले तर त्यांच्यावर मात्र गोळी मालकानं स्वतः झाडायची असते. मजेचं काम माझ्याकडे.

मामांच्या नावावर टिचकी मारली की तीन कामं दिसतात: झाडलोट, कुंड्यांना पाणी, यंत्रदुरुस्ती. कशाला किती महत्त्व, ते टक्क्यांत ठरवायचं. झाडलोट वाढवली तर बाकीची दोन घटतात, कारण शंभराचे एकशे दहा होत नाहीत. वाढवली.

१०.१०
कुंड्या सुकल्या. सुकलेली कुंडी दिसली की पेशंट खट्टू होतो. तोवर फुगऱ्या डोक्यांच्या यंत्रातून धूर. मामांना बोलावलं. आत पेशंट आहे, म्हणून ते दाराबाहेर उभे. तो निघाल्यावर आत शिरले, हत्यार काढलं. वेळ गेली असती तर स्फोट झाला असता: आतले सगळे मेले असते आणि ती खोली कायमची बाद. यंत्र जितकं जास्त वापरावं तितकं झिजतं, आणि कमाई तर वापरातूनच.

१०.४५
मामा थकले. स्टाफरूमकडे निघाले. तिथे सोफा आहे, पूल खेळायचं टेबल आहे. किती थकल्यावर विश्रांती घ्यायची, ती टक्केवारीही मीच ठरवतो. माउसनं कोणाही कर्मचाऱ्याला बखोट धरून उचलता येतं आणि हव्या त्या खोलीत टाकता येतं. रिसेप्शनसमोर परत घाण झालीय. उचललं.

या हॉस्पिटलात रात्र होत नाही. तारखा पुढे सरकतात, पाळी कोणाचीच संपत नाही. महिनाअखेरीला पगार मात्र चोख कापला जातो.

११.२०
पडद्यावर मामांची मागणी: पगारवाढ. हो म्हणा, नाहीतर माणूस जातो. भरतीच्या यादीत दुसरा एक स्वस्तात दिसतोय, पण कामाला कच्चा. वाढ दिली.

११.३५
फॅक्स आला. बडे पाहुणे हॉस्पिटल बघायला येणार. खूश झाले तर पैसे देऊन जातात. रिसेप्शनपासून दारापर्यंत दहा कुंड्या मांडल्या. पन्नास गेले. मामांचे टक्के पुन्हा बदलले: पाणी वर, झाडलोट खाली.