रिकाम्या कोंदणाचं काय करायचं?

२०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि घरोघरच्या डब्यांतल्या जुन्या अंगठ्यांकडे बघण्याची नजरच बदलली. खडा हरवलेली, कडं झिजून तारेसारखं झालेली, कुणाच्याच बोटात न बसणारी अंगठी घेऊन माणसं सराफाकडे जातात. अंगठी काट्यावर ठेवली की एकच प्रश्न उरतो : मोड किती येईल? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. सोनं आज आटवलं काय किंवा दहा वर्षांनी आटवलं काय, ते तेवढंच राहतं. घडण मात्र एकदा मुशीत गेली की गेली. म्हणून आधी घडण पाहावी आणि वजनाकडे नंतर वळावं.

घडण पाहायची म्हणजे काय? खडा अंगठीत कसा बसवला होता, हे आधी बघायचं. जुन्या कुंदनकामात खडा डाग देऊन बसवलेला नसतो. जवळजवळ शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या त्याच्याभोवती सळईने दाबत, घोटत नेलेल्या असतात आणि आत लाखेची भर असते. अशा अंगठीला ज्योत लावली की लाख वितळते आणि सगळं काम सैल होतं. ती वजनाने मोडायला काढली तरी लाखेचं वजन वजाच होतं. म्हणजे जिच्यात हाताचं कसब सर्वांत जास्त, तिचीच मोड पदरात सर्वांत कमी पडते. पंज्यांच्या अंगठीचं तसं नाही. तिथे खड्याला धरणारी टोकं झिजतात, आणि ती झीज घरच्या घरी कळते : अंगठी लोकरीच्या कापडावरून फिरवावी, धागा अडकला तर पंजा उचलला गेला आहे, कानाशी हलवावी, किणकिण आली तर खडा सैल आहे. पंजांवर सोनं चढवता येतं. कड्याचा झिजलेला खालचा अर्धा भाग कापून नवा जोडता येतो, आणि जुना माथा तसाच राहतो. मात्र मोती किंवा पोवळं असेल तर ते आधी काढायलाच हवं, कारण दोन्ही उष्णतेने बिघडतात. आता लेझरने जोड देणारी यंत्रं आली आहेत. त्यांत उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागी राहते, त्यामुळे पूर्वी ‘होणार नाही’ म्हणून परत केलेली कामंही एकदा पुन्हा विचारून पाहण्यासारखी आहेत. आणि अंगठी पांढरी दिसते म्हणून ती चांदीची समजू नये. चांदी ९६२ अंशांना वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांना. तपासल्याशिवाय तिला हात लावू देऊ नये.

व्यवहाराच्या बाजूनेही हिशेब मांडून बघावा. समजा, चार ग्रॅमची २२ कॅरेटची अंगठी आहे आणि मोडीत पाच टक्के घट धरली. हातात ३.८ ग्रॅमची किंमत येते. चार ग्रॅमचीच नवी अंगठी घ्यायची, तर बारा टक्के घडणावळ आणि त्या एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी धरून साधारण ४.६ ग्रॅमची किंमत मोजावी लागते. फरक पाऊण ग्रॅमच्या वर, म्हणजे मूळ अंगठीच्या जवळपास एक पंचमांश. एवढ्या पैशांत तिची दुरुस्ती बहुधा होऊन जाते. शिवाय मोड देऊन नवा दागिना घेणं ही करकायद्याच्या दृष्टीने विक्रीच ठरते, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

यावर पहिला आक्षेप शुद्धतेचा येतो : जुन्या अंगठीवर हॉलमार्क नाही, मग ती ठेवायची कशाला? हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण ती विकणाऱ्या सराफावर आहे. घरातला जुना दागिना तिच्यामुळे बेकायदा होत नाही. तपासणी केंद्रात थोड्या शुल्कात त्याचा कस काढून मिळतो. तिथे एक काळजी घ्यावी. क्ष-किरणांचं यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं, आणि जुन्या कामात सांध्यांवरचा डाग हलक्या कसाचा असतो. नेमका सांधाच यंत्राखाली आला तर चांगली अंगठीही हलकी ठरते. म्हणून कड्याच्या बिनजोड भागावर तपासणी करून घ्यावी. दुसरा आक्षेप भावाचा : आज चढा आहे, उद्या उतरला तर? ही भीती खोटी नाही. पण तो सोनं विकण्याचा निर्णय झाला, आणि सोनंच विकायचं असेल तर आधी नाणी, वळी, साखळीचे तुकडे काढावेत; त्यांच्यात गमावण्यासारखी घडण नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वापरात नसलेली वस्तू भावनेपोटी किती काळ लॉकरमध्ये कोंडायची? इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. ज्या कोंदणातला खडा गेला आहे, त्यात मापाचा दुसरा खडा बसवावा, माथा काढून लटकन करावं, बोटात होत नसेल तर माप वाढवून ज्याला होईल त्याला द्यावं. जपायचं ते वापरात राहावं, यासाठीच हा सगळा खटाटोप.

सगळ्याच अंगठ्या वाचवाव्यात असंही नाही. साच्यातून शेकड्यांनी निघालेली, कडं पातळ पडलेली, दोनदा तुटून डाग दिलेली अंगठी आटवणंच बरं. तिच्यासारखी दुसरी सहज मिळते. आटणीचं काम आपल्याकडे परकं नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर हाच धंदा करतात. सोन्यात चांदी मिसळून वितळवायचं, मग नायट्रिक आम्लात चांदी-तांबं विरघळवून टाकायचं, की तळाशी शुद्ध सोनं राहतं. तिथवर जायचं ठरलंच, तर आधी खडा काढून आपल्या हातात घ्यावा, बिनखड्याचं वजन पावतीवर लिहून घ्यावं, आटणी समोर करायला सांगावी आणि आटल्यानंतरचं वजन व कस त्याच पावतीवर नोंदवून घ्यावा. अंगठी मुशीत टाकण्यापूर्वी तिचे वरून, बाजूने आणि आतून फोटो काढून ठेवावेत; तोच घाट पुढे कुणाला घडवून घ्यावासा वाटला, तर कारागिराला दाखवायला दुसरं काही उरलेलं नसतं.