मूळपेशींचं जग (भाग ९) : गर्भातली दारू

गेल्या भागात आपण मेंदूच्या मूळपेशी पाहिल्या. गर्भाच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या काठाने त्यांचा थर असतो. आधी त्या स्वतःची संख्या वाढवतात, मग चेतापेशींना जन्म देतात. या नव्या चेतापेशी मूळपेशींच्याच लांब धाग्यांना धरून वरच्या थरांत चढतात. वाढ कधी थांबवायची आणि जन्म कधी सुरू करायचा, याची वेळ ठरलेली असते. दारू नेमकी तिथेच ढवळाढवळ करते.

दारूने गर्भाचं नुकसान होतं, हे वैद्यकाच्या लक्षात यायला फार उशीर झाला. फ्रान्समधल्या नांतचे पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या पालकांच्या १२७ मुलांची निरीक्षणं फ्रेंचमध्ये छापली, पण त्यांची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये तेच मांडलं आणि 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. लहान डोकं, डोळ्यांच्या आखूड फटी, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ या त्याच्या खुणा.

दारू वार सहज ओलांडते आणि गर्भाचं यकृत तिचा निचरा करण्याइतकं तयार नसतं. कॅथलीन सुलिक यांनी १९८१ मध्ये गाभण उंदरांना सातव्या दिवशी दारू दिली, तर पिल्लांच्या चेहऱ्यावर याच खुणा उमटल्या. माणसात हा काळ गर्भधारणेनंतरचा तिसरा आठवडा, म्हणजे पाळी चुकली की नुसती लांबली याचाच अंदाज चालू असतो तेव्हाचा. चेहरा घडवणाऱ्या पेशी त्या वेळी दारूने मरतात.

म्हणून आपण धरून चालतो की दारू पेशी मारते, एवढंच. टेक्सासमधल्या राजेश मिरांडा यांच्या प्रयोगशाळेत वेगळंच दिसलं. उंदराच्या गर्भातून काढलेल्या मेंदूच्या मूळपेशींना दारू दिली, तर त्या मेल्या नाहीत. उलट जोमाने विभागल्या आणि मूळपण सोडून अकाली पुढच्या टप्प्याकडे सरकल्या. २००७ मध्ये या गटाने पेशींमधले, जनुकांना आवर घालणारे चार सूक्ष्म आरएनए दारूमुळे दबल्याचं दाखवलं. पेरणीसाठी राखलेलं बियाणं आधीच दळून खावं, तसा हा प्रकार. त्या दिवशी घरात चूल पेटलेली दिसते, तूट कळते ती पुढच्या हंगामात. मला हा शोध पेशी मरण्यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारा वाटतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी मोजून हे नुकसान सापडणारच नाही.

दारूपासून शरीरात तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइडही डीएनए बिघडवतं. केंब्रिजमधल्या केतन पटेल यांच्या गटाने ते उंदरांत दाखवलं, आधी गर्भांत (२०११) आणि नंतर रक्ताच्या मूळपेशींत (२०१८).

किती दारू चालेल? सुरक्षित असं प्रमाण कुणालाही सापडलेलं नाही. पण म्हणून सगळा ठपका आईवर ठेवणं मला पटत नाही. या विकाराचं जगातलं सर्वाधिक नोंदलेलं प्रमाण ज्या भागांत आहे, त्यात दक्षिण आफ्रिकेचा वेस्टर्न केप येतो. तिथल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची 'डॉप' पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुढे ती बेकायदा ठरली, पण पिण्याची सवय वस्त्यांमध्ये राहिली आणि तिच्या जोडीला अर्धपोटी राहणंही. अपुऱ्या पोषणाने हे नुकसान आणखी वाढतं. ते कसं, आणि त्यात कोलीन या पोषकद्रव्याचा काय संबंध, हे पुढच्या आठवड्यात.