मोटारीचा शीतक-पंप आणि विजेची वाट

वैशाखातील दुपारी आबिड्‌सच्या चौकात किंवा कोठीच्या गर्दीत रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली, पुढचे झाकण उघडलेली आणि वाफा सोडणारी एखादी मोटार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ‘गाडी तापली’ एवढे म्हणून आपण पुढे निघून जातो. परंतु ती का तापली, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सहज सोडून देऊ नये. कारण त्याचे उत्तर पुष्कळदा आपण शाळेतच शिकलेल्या एका साध्या नियमात दडलेले असते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सर्व उष्णता चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. तिचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर पडतो, तर काही भाग इंजिनाच्या धातूत उतरतो. हा दुसरा भाग वाहून नेण्यासाठी पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजेच शीतक, इंजिनातून रेडिएटरकडे आणि तेथून परत असे सतत फिरते ठेवावे लागते. हे काम पंपाचे होय. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. रेडिएटरचे घट्ट झाकण आतील दाब वाढवून हा उत्कलनबिंदू बराच वर नेते, हे खरे. पण पंपच थांबला तर झाकणाचा काय उपयोग? सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि एका क्षुल्लक दोषापायी मोठा खर्च पदरी पडतो.

निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या आधिपत्याखाली २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक वाहतूक सुरू झाली. त्या जमान्यातील मोटारींचे पंप इंजिनाच्याच बळावर फिरत. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी याच शहरात हुसेनसागराच्या काठी विजेवर धावणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. अशा मोटारींत इंजिन नसते. तरीही बॅटरी, मोटर आणि विद्युत्-परिवर्तक ही तापतातच, आणि त्यांना थंड ठेवणारा पंप विजेवर चालतो. कित्येक पेट्रोल-मोटारींतही आता विजेचे पंप असतात. म्हणून पंपाचा दोष शोधणे म्हणजे बहुधा विजेची अडलेली वाट शोधणे होय.

ही वाट अशी आहे: बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून पंपाची मोटर आणि तेथून गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून पुन्हा बॅटरीचे ऋण टोक. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युच्चुंबकीय दरवान. त्याला आज्ञा देतो तो गाडीतील संगणक. गाडी थंड असताना संगणक पंपाला मुद्दाम स्वस्थ ठेवू शकतो. तेव्हा मुका पंप म्हणजे बिघडलेला पंप, असे घाईने मानू नये.

आता तपासणीचा क्रम पाहू. प्रथम शीतकाची पातळी आणि पंपाची जोडणी पाहावी. मग फ्यूज. तो जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. जाड तार कधीही घालू नये. फ्यूज जळतो म्हणून वायर जळत नाही, हे विसरू नये. त्या फ्यूजवर पंपाखेरीज दुसरे काही नसेल आणि नवा फ्यूजही जळत असेल, तर पंपाची जोडणी काढून पुन्हा पाहावे. आता फ्यूज टिकला तर दोष पंपात. तरीही जळला तर कोठेतरी वायरीचे आवरण सोलून ती सांगाड्याला टेकली आहे.

त्यानंतर रिले. ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे त्याचे वेटोळे शाबूत आहे, एवढेच सिद्ध होते. आतील संपर्क जळालेले असू शकतात. त्याच जातीचा दुसरा रिले लावून पाहणे, ही याची सोपी परीक्षा.

खरी फसगत पुढे असते. पंपाची जोडणी काढून वायरीच्या टोकाला मीटर लावला, त्याने १२ व्होल्ट दाखविले, आणि पाहणाऱ्याने निकाल दिला की वायर चांगली, पंप वाईट! येथे जॉर्ज ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम आठवावा. समजुतीसाठी पंपाला साधा रोध मानू. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध २.४ ओम. एखाद्या गंजलेल्या जोडात ०.६ ओम रोध आला, तर एकूण ३ ओम होऊन प्रवाह ४ अँपिअरवर येतो. जोडातच २.४ व्होल्ट खर्च होतात, पंपाला ९.६ व्होल्ट मिळतात आणि त्याची शक्ती ६० वॅटवरून सुमारे ३८ वॅटवर घसरते. मीटर मात्र जवळजवळ प्रवाह घेतच नाही. म्हणून जोडात खर्च काहीच होत नाही आणि तो निर्धास्तपणे १२ व्होल्ट दाखवितो. रिकामी बैलगाडी पुलावरून गेली, यावरून भरलेली जाईल असे ठरत नाही.

यास्तव पंप जोडलेला व चालू असतानाच मोजावे. बॅटरीचे धन टोक ते पंपाची धन वायर आणि पंपाची ऋण वायर ते बॅटरीचे ऋण टोक, असे दोन्ही बाजूंचे अंतर स्वतंत्रपणे पाहावे. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक खर्च दिसला, तर दोष वाटेत आहे. सांगाड्याकडील जोड गंजणे हे याचे नेहमीचे कारण. तो खरवडून घट्ट केला की पुष्कळदा नवा पंप घेण्याची वेळच येत नाही. दोन्ही बाजूंना खर्च नगण्य, संगणकाची आज्ञाही येत आहे, आणि तरीही पंप निश्चल, तरच पंपाला दोषी ठरवावे.

मात्र सावधगिरी हवी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब जाताच शीतक उसळून भाजते. विजेच्या मोटारीतील नारिंगी वायरींत शेकडो व्होल्ट असतात. त्यांना हात लावणे जाणत्या कारागिराचेच काम.

तात्पर्य, प्रत्येक सुटा भाग बदलून पाहणे ही तपासणी नव्हे. प्रत्येक मोजणीने संशयाचे क्षेत्र लहान करीत जाणे, ही तपासणी होय. मिस्त्रीच्या हातातील मीटर आणि आपल्या वहीतील ओमचा नियम, दोन्ही तेच शिकवितात.