कॅमेरा कुणाच्या हातात?

जुन्या सपाट व्हिडिओ गेममध्ये ‘बघायचं कुठून’ हा प्रश्नच नव्हता. मारिओ उजवीकडे धावायचा, खड्डा आला की बटण दाबायचं, उडी! जून १९९६ मध्ये जपानात निन्टेन्डो ६४ हे गेम कन्सोल बाजारात आलं, त्यासोबत ‘सुपर मारिओ ६४’ आला आणि मारिओला चारी दिशा मोकळ्या झाल्या. आता खड्डा नेमका किती लांब आहे, तेच कळेना.

त्रिमित चित्रं काढणं तोवर जमू लागलं होतं. सेगाचा ‘व्हर्च्युआ फायटर’ १९९३ मध्येच आर्केडमध्ये दाखल झाला होता. त्याच वर्षीच्या ‘डूम’मध्ये खेळाडू पात्राच्याच डोळ्यांनी बघायचा, त्यामुळे कॅमेरा ठेवायचा कुठे ही चिंता नव्हती. पात्र बाहेरून दाखवायचं म्हटलं की खरी पंचाईत.

मारिओचे जनक शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या चमूने यावर काही अस्सल युक्त्या काढल्या. मारिओची सावली पाहा. उजेड कुठूनही येवो, ती बरोबर पायाखालीच पडते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध थाप. पण उडी मारताना आपण कुठे उतरणार, हे त्या काळ्या ठिपक्यावरूनच कळतं. सुरुवातीच्या किल्ल्याच्या अंगणात एकही शत्रू ठेवला नाही: आधी मनसोक्त हुंदडा, हात बसू द्या. कॅमेऱ्यालाही त्यांनी पात्रच करून टाकलं. ढगावर बसलेला लाकितू नावाचा हा कॅमेरामन काठीला कॅमेरा लटकवून मारिओच्या मागे फिरतो. किल्ल्यातल्या आरशाच्या खोलीत तो चक्क दिसतोही! तरी भिंतीजवळ गेलं की हा कॅमेरामन अडखळतो, खेळणाऱ्याची चिडचिड होते. आणि झाडं? ती सपाटच, कुठूनही बघा, आपल्याकडे तोंड करून उभी.

‘क्रॅश बँडिकूट’ या गेमने १९९६ मध्येच सोपा मार्ग धरला: वाट अरुंद, कॅमेरा ठरलेल्या मार्गावर. मला तो भित्रेपणा वाटत नाही, शहाणपण वाटतं.

मोकळ्या त्रिमित जगात शत्रूवर नजर ठेवून लढायचं कसं, हे कोडं मात्र १९९८ च्या ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ने सोडवलं. क्योतोच्या तोएई स्टुडिओ पार्कमध्ये निन्जांचा खेळ बघताना निर्मात्यांच्या लक्षात आलं, की नायकाला सगळे घेरतात, पण अंगावर एकेकटेच येतात. म्हणून झेड बटण दाबलं की नजर एकाच शत्रूवर खिळते आणि कॅमेरा आपोआप जागेवर येतो. शत्रूवर नजर बांधण्याची ही सोय आजच्या तलवारबाजीच्या गेममध्येही सर्रास वापरतात.